विलीच्या हातात शस्त्र नाही

जुन्या कॉम्प्युटर गेमांबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. एकांचं लहानपण त्यात गेलेलं असतं, नुसतं नाव काढलं तरी ते गहिवरतात. दुसऱ्यांना सगळे गेम सारखेच वाटतात: पोरं बिघडतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो. आमच्याकडच्या जाणत्या मंडळींजवळ त्यासाठी शास्त्रातला शब्दही तयार आहे, अनर्थदंड. म्हणजे काही कारण नसताना पदरात बांधून घेतलेलं पाप. दोघांचंही मी ऐकून घेते. पण दोघांनीही समोरचा गेम नीट पाहिलेला नसतो. कादंबरी न वाचता तिच्याबद्दल कोणी असं बोललं, तर आपण खपवून घेऊ का?

म्हणून इथे मुख्यतः एकाच गेमबद्दल लिहिते. नाव ‘मॅनिक मायनर’, साल १९८३. लिहिणारा मॅथ्यू स्मिथ हा इंग्रज मुलगा, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. गेम झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसाठी होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं हे यंत्र एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात बाजारात आणलं. आकार एखाद्या जाड वहीएवढा, बटणं रबराची, आणि पडदा म्हणजे घरातलाच टीव्ही. पुढे त्याचाच ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा अवतार डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन १९८६ पासून भारतात विकला.

नागपूरच्या माझ्या मामांकडे तसा एक होता. बालाघाटहून छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला, असे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो. गेम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची, की किर्र-कर्कश आवाज सुरू होई आणि टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागत. हे चार-पाच मिनिटं चाले. आवाजाची घुंडी जरा इकडची तिकडे झाली की पुन्हा पहिल्यापासून. लाइट गेली तरी पहिल्यापासून. खेळायचे मामेभाऊ, घुंडी सांभाळायचं काम माझं. मुलींची पाळी यायची तोवर जेवायची हाक आलेली असे. त्यामुळे हा गेम मी हातांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त खेळले. आता भाच्यानं लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर टाकून दिलाय, आणि इतक्या वर्षांनी मी तो हातांनी खेळते आहे.

गेम असा. विली नावाचा खाणकामगार एका विसरलेल्या, फार जुन्या खाणीत शिरतो. कुणा लुप्त संस्कृतीनं तिथे यंत्रमानव लावून खोदकाम करवून घेतलं होतं. ती माणसं गेली, पण यंत्रं थांबलेली नाहीत. अशा २० गुहा आहेत. प्रत्येक गुहेत चमकणाऱ्या वस्तू गोळा करायच्या, की बाहेर पडायचं दार उघडतं. वाटेत ठराविक टप्प्यात येरझाऱ्या घालणारे पहारेकरी, काटेरी झुडपं, पायाखाली विरघळणाऱ्या फळ्या, आपल्याच दिशेला ओढून नेणारे सरकते पट्टे. खाली हवेची पट्टी सतत आखडत असते. हवा संपली की विली संपला. सुरुवातीला जीव तीन. उरलेले जीव पडद्याच्या तळाशी छोट्या विलींच्या रूपात नाचत असतात. तिसरा जीव गेला की वरून एक भलामोठा बूट येतो आणि त्याला चिरडतो.

आता यात काय नाही ते पाहा. विलीजवळ बंदूक नाही, काठी नाही, दगडसुद्धा नाही. पहारेकऱ्याच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडण्याची सोयही नाही. शिवलात की तुम्हीच मेलात. समोरून येणाऱ्या प्रत्येक जिवाला, मग तो पेंग्विन असो, कांगारू असो की चालता टेलिफोन, फक्त वाट द्यायची. तो कुठून कुठपर्यंत जातो ते आधी उभं राहून बघायचं, मग पाऊल टाकायचं. उडी तर फारच कडक: एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. जमीन सोडण्याआधी जे ठरवलं, तेच पूर्ण होणार.

मुनिमहाराज विहार करतात तेव्हा चार हात पुढची जमीन पाहून चालतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. याला ईर्यासमिती म्हणतात. मॅथ्यू स्मिथनं हा शब्द ऐकला असण्याचं काही कारण नाही, आणि विली काही साधू नाही. तो खजिन्यामागे धावणारा लोभी माणूस आहे. तरी त्याला चालावं लागतं ते असंच. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी येतो आणि प्राण जाणं नंतर. हा गेमही शिक्षा करतो ती प्रमादाचीच. बोटं कितीही चपळ असली तरी लक्ष ढळलं की संपलं. उपदेशाचा एक शब्द नाही. ४८ किलोबाइट स्मृतीत २० गुहा बसवायच्या, त्यात उपदेशाला जागा कुठून येणार? नियम तेवढे उरले, आणि नियमच बोलू लागले.

त्याच वर्षीचा, त्याच यंत्रावरचा ‘जेटपॅक’ शेजारी ठेवला की फरक कळतो. त्यातला अंतराळवीर परक्या ग्रहावर उतरतो, यान जोडतो, इंधन भरतो, मौल्यवान खडे खिशात घालतो आणि तिथल्या जिवांना लेसरनं उडवत राहतो. त्यासाठी गुण मिळतात. ‘जेटपॅक’ सुरेखच बनवलाय. तरंगणं इतकं गुळगुळीत, की १६ किलोबाइटमध्ये हे केलं कसं याचं आजही नवल वाटतं. पण खेळणाऱ्याचं बोट तासभर एकच क्रिया गिरवत असतं.

‘ते तर नुसते ठिपके आहेत,’ असं भाचा म्हणतो. आमच्याकडे या प्रश्नाची चर्चा हजार वर्षांपूर्वीच झाली आहे. राजा यशोधराला त्याची आई चंद्रमती बळी द्यायला सांगते. तो नको म्हणतो. शेवटी तोड निघते: कोंबडा द्यायचा, पण पिठाचा. राजा त्या पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवतो, आणि मग मायलेक जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भटकतात. पुष्पदंतांनी अपभ्रंशात आणि सोमदेवसूरींनी संस्कृतात, इ. स. ९५९ च्या ‘यशस्तिलका’त, ही कथा सांगितली, जुन्या मराठी जैन कवींनीही सांगितली. ठिपका मारला म्हणून कोणी पुढच्या जन्मी मोर होईल, असं मला म्हणायचं नाही. कथेनं विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: समोर जीव नसेलही, पण हात चालवताना मनात काय होतं?

आणि गंमत अशी, की ‘मॅनिक मायनर’मध्येही एक पिठाचा कोंबडा आहे. आठव्या गुहेत वर काँग नावाचं अजस्र माकड उभं असतं. तिथे दोन खटके आहेत. एकानं भिंतीत वाट होते. दुसऱ्यानं काँगच्या पायाखालची जमीन जाते, तो खाली कोसळतो आणि आपले गुण वाढतात. त्यानं ना वस्तू मिळते, ना दार उघडतं. बाहेर पडायला त्या खटक्याची गरजच नाही. अख्ख्या गेमात असे दोनच काँग, पण अनर्थदंड मुलांना समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

हे सगळं मान्य करूनही बालाघाटच्या बाईला या गेममध्ये एक मोठी पोकळी दिसते. आमच्या शहराला लागून भरवेली आहे, मॉयलची मँगनीजची भूमिगत खाण. जिल्ह्यातच पुढे मलाजखंडची तांब्याची. इथे खाण हा शब्द उच्चारला की पाळी, भोंगा, डब्यांची भांडी, घरी वाट पाहणारं कोणीतरी, असं सगळं त्यामागून येतं. कामगार पाळण्यात बसून खाली उतरतात ते एकत्र, आणि एकाच्या चुकीची किंमत दुसराही मोजू शकतो. विलीच्या खाणीत दुसरा माणूसच नाही. ‘ओअर रिफायनरी’ नावाची एक गुहा आहे, पण तिथे खनिज नाही नि कामकरीही नाही. हवेची पट्टी हा गेममधला सगळ्यात खरा तपशील आहे. एका गुहेत तर उन्हाच्या झोताला शिवलं की हवा भराभर संपते, आणि छाती खरंच दडपते. पण गुहा पार होताच उरलेल्या हवेचे गुण करून टाकतात. श्वास वाचला तर त्याचे पैसे! इथं थट्टा जराशी टोचते. बंद खोलीत एकट्यानं काम करणाऱ्या हुशार मुलानं कल्पिलेली ही खाण आहे, आणि तिच्या एकटेपणात त्याची खोली दिसते.

पुढच्याच वर्षी आलेला ‘जेट सेट विली’ लोकांना जास्त आवडतो. त्यात विली श्रीमंत झालाय, हवेलीत राहतो, खोल्यांमधून हवं तिकडे फिरता येतं. मला तो कमी प्रतीचा वाटतो. त्यात एक विचित्र गोष्ट घडते: उंचावरून पडत दुसऱ्या खोलीत शिरलात आणि मेलात, तर पुढचा जीव त्याच जागी, त्याच पडत्या स्थितीत सुरू होतो. तोही मरतो. बघता बघता सगळे जीव जातात आणि खेळणाऱ्यानं बटणाला हातही लावलेला नसतो. जन्ममरणाचा फेरा म्हणून याचं कौतुक करायचा मोह होईल, पण मी करणार नाही. फेऱ्याला अर्थ येतो तो मधल्या जन्मात काही करता येत असेल तर. इथं करायला काहीच उरत नाही.

आता मुद्द्याचं. २०२४ च्या नोव्हेंबरात ‘द स्पेक्ट्रम’ नावाची नवी प्रतिकृती बाजारात आली, ४८ गेम आत भरलेले. तिच्यात आणि बऱ्याच एम्युलेटरांत मागे सरकण्याची सोय आहे: मेलात तर काही सेकंद उलटे फिरवा आणि चालू लागा. भाच्याचा दहा वर्षांचा मुलगा असाच खेळतो. विसाव्या गुहेपर्यंत तो एका रविवारी पोचला, आणि त्याला पहिल्या गुहेतला पहारेकरी कुठे वळतो तेही सांगता आलं नाही. आपल्याकडचा सापशिडीचा जुना पट, मोक्षपट म्हणा की ज्ञानबाजी, त्याची जैन घडण बहुधा ८४ घरांची असे. त्यावर साप गिळला की खालच्या घरात जावंच लागे. तिथे निदान फासे होते, दोष नशिबावर ढकलता यायचा. विलीच्या गुहेत फासेही नाहीत. पहारेकरी रोज त्याच वेळी त्याच जागी येतो. मेलो ते आपल्या बेसावधपणामुळे, हे एवढंच तो गेम सांगतो, आणि मागे सरकायचं बटण नेमकं तेवढंच पुसून टाकतं.

दशलक्षण पर्वात मुलाचा लॅपटॉप कुलपात ठेवू का, असं त्याच्या आईनं मला विचारलं. मी म्हटलं, दहा दिवस ‘जेटपॅक’ काढून ठेव. विलीला राहू दे, पण मागे सरकायचं बटण बंद कर, आणि त्याला सांग की आठव्या गुहेतला दुसरा खटका न ओढता बाहेर पडून दाखव. गुण थोडे कमी होतील. होऊ देत.