मॅकडोनाल्डचं पुस्तक आणि गोळी पेंडीचं पोतं

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "पशुपोषण वाचायला सुरुवात कुठून करू?" मी सवयीने मॅकडोनाल्डचं 'ॲनिमल न्यूट्रिशन' सांगून मोकळा झालो. नंतर दोन दिवस ते उत्तर मलाच खटकत राहिलं. म्हणून ही पोस्ट.

मॅकडोनाल्ड, एडवर्ड्स आणि ग्रीनहाल्घ यांचं हे पुस्तक १९६६ सालचं. पुढे आवृत्त्या निघाल्या, लेखक वाढले, दबदबा तसाच राहिला. माझ्यासारख्या केमिस्ट्रीतून आलेल्याला तर ते आधारच आहे, कारण ते साखरेच्या रेणूपासून सुरू करून गाईच्या कोटीपोटापर्यंत बोट धरून नेतं. पण त्याचं मन ब्रिटनच्या हिरव्या कुरणात आहे. गवताला वेगळं प्रकरण, मुरघासाला वेगळं, आणि काड-भुसा वाळल्या गवताच्या शेजारी एका कोपऱ्यात. आमच्याकडे अर्धं वर्ष जनावर कडब्यावर आणि सरकीच्या ढेपेवर काढतं. अर्थात यात पुस्तकाचा काय दोष? ते मराठवाड्यासाठी लिहिलेलंच नाही.

माझी खरी तक्रार आपल्या वाचण्याबद्दल आहे. 'क्रूड प्रोटीन' घ्या. योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाने १८८३ साली नायट्रोजन मोजायची पद्धत दिली, तीही बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत! आपण अजून तोच नायट्रोजन मोजतो आणि ६.२५ ने गुणतो. सगळा नायट्रोजन प्रथिनांचा नसतो, हे पुस्तक स्पष्ट सांगतं. आपण परीक्षेपुरतं सूत्र उचलतो आणि हे वाक्य मागे सोडतो.

आता हिशोब करा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. गुणिले ६.२५ म्हणजे २८७.५ टक्के 'प्रोटीन'! १०० किलो पेंडीत एक किलो युरिया आला, तर पोत्यावरचा आकडा जवळपास तीनने वाढतो. ही सरळ फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या जनावराच्या कोटीपोटातले जंतू युरियापासून खरंच प्रथिन बनवतात, पण सोबत मका किंवा मळीसारखी ऊर्जा मिळाली तर. लहान वासराला मात्र त्याचा उपयोग नाही, उलट अपायच. पोत्यावर यातलं काहीच दिसत नाही, आणि शेतकरी आकडा बघूनच पैसे मोजतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याच सूत्राच्या भरवशावर, आणि त्यात तान्ही बाळं दगावली.

दुसरी उणीव पुस्तकाचीही आहे. खाद्यात काय असावं ते त्यात भरपूर आहे. खाद्य बनतं कसं, हे फार थोडं. हॅमर मिलमध्ये दळण किती बारीक, मिक्सरमध्ये मुठीएवढं खनिज मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं का, गोळी पाडण्याआधी वाफ किती, आणि कूलरमधून गोळी ओलसर निघाली तर पुढे काय? पुढे बुरशी. बुरशीतून अफलाटॉक्सिन, आणि तेच रूप बदलून दुधात उतरतं. दुधातल्या या विषाची भारतातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ०.०५.

अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात धान्यविज्ञान विभागात फीड सायन्स स्वतंत्र शिकवतात. आपल्याकडे परभणी-उदगीरला पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. करायचं तर आधी पशुवैद्यकाची पदवी लागते. ते योग्यच आहे, आजारी जनावर माझ्या हाती देऊ नये. पण मिक्सर आणि कूलर हे इंजिनिअर, केमिस्ट यांचंही काम आहे, आणि त्यांच्यासाठी दार कुठलं? मी स्वतः पहिली दोन वर्षं केल्डालचे फ्लास्क धुतले आणि पेंडीचा कारखाना आतून पाहिला तो तिसऱ्या वर्षी. तिथल्या ऑपरेटरने गोळी दाताखाली फोडून सांगितलं, "सर, ओली आहे." मशीनने तेच सांगायला वीस मिनिटं घेतली.

ज्युनिअरला आज परत फोन केला. मॅकडोनाल्ड वाचच, म्हटलं, पण प्रथिनांचं प्रकरण उघडशील तेव्हा घरच्या गोठ्यातलं पोतं समोर ठेव. तो फुलंब्रीकडचा, घरी चार म्हशी. रात्री लेबलचा फोटो आला: क्रूड प्रोटीन २० टक्के. युरियाचा रकानाच नव्हता.