परीकथेंतील शृंगार

जुन्या परीकथा प्रौढ वाचकांसाठीं शृंगारिक रूपांत नव्यानें लिहिण्याची प्रथा पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत चांगलीच रूढ झाली आहे. तीं पुस्तकें आपल्याकडील दुकानांतही दिसूं लागल्यापासून “निदान मुलांच्या गोष्टी तरी सोडा!” अशी तक्रार आमच्या स्नेहीमंडळींत वारंवार ऐकूं येते. तक्रारीमागची काळजी आम्हांस समजते. परंतु ती ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूत खरी नाहीं. या गोष्टी मुळांत मुलांच्या नव्हत्याच. त्या मागाहून मुलांच्या करण्यांत आल्या, आणि तसें करतांना त्यांतून काय काढलें गेलें हें पाहिल्यावांचून नव्या लेखकांनीं त्यांत काय घातलें याचा निवाडा करतां येत नाहीं.

ग्रिमबंधूंच्या संग्रहाची पहिली आवृत्ति १८१२ सालची. तींत मनोऱ्यांत कोंडलेली रापुंझेल आपले कपडे अलीकडे घट्ट कां होतात, असें म्हातारीस भाबडेपणानें विचारते. पुढील आवृत्त्यांत हा प्रश्न नाहींसा झाला. तेथें ती म्हातारीस, तूं वर ओढतांना राजपुत्रापेक्षां जड कां लागतेस, असें विचारूं लागली. मुलगी आधींपेक्षां सोज्ज्वळ झाली कीं नाहीं कोण जाणे, वेडगळ मात्र खास झाली!

आम्हां मराठी वाचकांना याहून जवळचें उदाहरण म्हणजे अरबी गोष्टी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं इंग्रजीवरून त्या मराठींत आणण्यास आरंभ केला, आणि त्या भाषेच्या गोडीवर कित्येक पिढ्या पोसल्या. आमच्या लहानपणीं गिरगांवांतल्या चाळींत त्यांची एक मुलांसाठीं संक्षिप्त केलेली प्रत या बिऱ्हाडांतून त्या बिऱ्हाडांत फिरत असे. सुलतान रोज एका राणीचा वध करतो, हें आम्हीं मुकाट्यानें मान्य केलें होतें. पण पहिल्या राणीनें असें केलें तरी काय, हा प्रश्न मनांतून जाईना. आईस विचारलें. ती म्हणाली, “वाईट निघाली ती,” आणि आम्हांस नळावर बादली घेऊन पिटाळलें.

उत्तर मिळण्यास बराच काळ जावा लागला. रिचर्ड बर्टन हा मुंबई इलाख्याच्या फौजेंत १८४२ सालीं दाखल झालेला, मराठीचीही परीक्षा दिलेला गृहस्थ. त्यानें १८८५ पासून या गोष्टींचें कांहींही न गाळलेलें इंग्रजी भाषांतर छापलें; कायद्याच्या भयानें मुखपृष्ठावर ‘बनारस’ असें खोटेंच स्थळ घातलें, आणि आगाऊ वर्गणीदारांपुरत्या हजार प्रती काढल्या. त्या बर्टनला मराठींत आणलें गौरी देशपांडे यांनीं, १९७६-७७ च्या सुमारास. या बाई र. धों. कर्व्यांच्या पुतणी. ज्या रघुनाथरावांना संततिनियमनाच्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताची नोकरी सोडावी लागली आणि ‘समाजस्वास्थ्या’बद्दल अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावें लागलें, त्यांच्याच घराण्यांतून हें पुस्तक यावें, यांत आम्हांस नवल वाटलें नाहीं.

आतां जें परत आलें तें काय? केवळ सुलतानाच्या अंतःपुरांतील प्रकार नव्हे. आम्हांस मोलाचा वाटतो तो त्यापुढचा प्रसंग. फसविले गेलेले दोघे राजे भाऊ रानोमाळ भटकत असतां एक राक्षस समुद्रांतून सात कुलुपांची पेटी घेऊन येतो. पेटींत एक तरुणी आहे. राक्षस झोपल्यावर ती या दोघांना धाक घालून वश करते, त्यांच्या अंगठ्या मागून घेते आणि आधींच्या अंगठ्यांची माळ दाखविते. बर्टनच्या प्रतींत त्या पांचशें सत्तर आहेत. राजे यावरून स्त्रीजातीच्या कपटाविषयीं सिद्धांत काढून घरीं परततात, आणि वधसत्र सुरू होतें. पण तिनें त्यांना आणखी एक गोष्ट सांगितलेली असते: राक्षसानें तिला लग्नाच्या रात्रींच पळवून आणलें होतें. हें दोघांपैकीं एकाच्याही कानांत शिरत नाहीं. त्या अंगठ्या वासनेच्या कीं सुडाच्या, हा प्रश्न त्यांना सुचतच नाहीं. सोंवळ्या आवृत्तींत हा प्रसंग गाळला म्हणजे शृंगाराबरोबर त्या बाईची फिर्यादही गळते.

बर्टनही या फिर्यादीचा चांगला वकील नव्हे. जेथें वासना येते तेथें त्याची लेखणी कथा सोडून टीपेकडे धांवते, आणि स्त्री ही त्याच्या संग्रहांतील एक चीज होऊन बसते. अलीकडच्या बहुतेक शृंगारिक परीकथांचा दोष हाच आहे. राजकन्या पूर्वी निजलेली होती, आतां ती जागी असते एवढेंच. तिच्या इच्छेला पूर्वी स्थान नव्हतें, आतांही नाहीं. आमच्या मतें त्यांवर अश्लीलतेचा आरोप करणें म्हणजे त्यांचा उगाच गौरव करणें होय. तीं पुस्तकें कंटाळवाणीं आहेत. याउलट ॲंजेला कार्टर हिनें १९७९ सालीं निळ्या दाढीच्या सरदाराची कथा नव्यानें लिहिली, ती नायिकेच्याच तोंडून. तिला भीति वाटते, ओढही वाटते, आणि त्या ओढीची लाजही वाटते. शेवटीं तिला सोडविण्यास कोणी राजपुत्र येत नाहीं. घोड्यावर बसून, नवऱ्याचें पिस्तूल हातांत घेऊन, तिची आई येते. येथें शृंगार वरून लावलेला नाहीं. तो काढला तर कथाच उरत नाहीं.

हें आपल्याकडे अगदींच परकें आहे असें कोणीं समजूं नये. ‘शुकबहात्तरी’ जुन्या मराठींत होतीच. १८९७ सालीं लाइप्सिक येथें एका जर्मन पंडितानें ती छापली. नवरा परदेशीं, प्रभावती प्रियकराकडे निघालेली, आणि पोपट रोज एका चतुर जारिणीची गोष्ट सांगून ऐन पेंचाच्या वेळीं विचारतो, “आतां तिनें काय करावें?” प्रभावती विचार करीत बसते, रात्र सरते. पोपट नवऱ्याचा पक्षपाती आहे खरा, पण प्रभावतीला बुद्धि आहे हें तो गृहीत धरतो. हा मान नव्या पुस्तकांतील राजकन्यांच्या वांट्यास क्वचितच येतो.

आणि आमच्या घरांत श्रावणांत वाचली जाणारी शिवामुठीची कहाणी? राजाच्या चार सुनांपैकीं तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला खावयास उष्टें, ल्यावयास जाडेंभरडें, राहावयास गुरांचें बेडें. तिनें काय खाल्लें, काय नेसलें, कोठें निजली, सारें कहाणी सांगते. आपल्याला आवडती करावें म्हणून ती देवाजवळ मागते, त्या मागण्यांत सासूसासऱ्यांबरोबर भ्रतारही येतो. पण देवाला फळ येतें तें सासऱ्याच्या प्रसन्नतेनें आणि दागिन्यांनीं. भ्रतार कहाणींत जवळजवळ दिसतच नाहीं. गुरांच्या बेड्यांत त्या मुलीला काय वाटत असेल, आणि आवडती झाल्यावर ज्यानें इतके दिवस विचारलें नाहीं त्याच्याजवळ जातांना तिच्या मनांत काय आलें असेल, हें लिहिणारी मराठी लेखणी आम्हांस वाचावयास मिळाली तर आम्ही ती प्रत गिरगांवांतल्या त्या जुन्या प्रतीशेजारीं, घरच्याच कपाटांत ठेवूं.