सब्रिनाला कशाची भीती?

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ उघडलं की आधी भेटतो तो झिंज्या सोडलेला, सुरकुतलेला क्रिप्ट-कीपर. मुडद्यांवर कोट्या करत तो गोष्ट सांगतो. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी पोरांना हेच तर हवं होतं: हसत हसत घाबरायचं. मोठ्यांना मात्र त्यातलं हसू दिसलंच नाही. १९५४मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, कॉमिक्स कोड आला आणि मासिकांच्या नावांतून ‘हॉरर’ हा शब्दच हद्दपार झाला.

१९६२मध्ये ‘आर्चीज मॅडहाउस’मध्ये सब्रिना आली. कथा जॉर्ज ग्लॅडिरची, चित्रं डॅन डिकार्लोची. चेटकीण, पण रक्त नाही, मुडदे नाहीत. तरी ती पहिली गोष्ट मिळमिळीत वाटत नाही, कारण सब्रिनाला एक धाक आहे: प्रेमात पडलीस तर जादू जाईल! सोळाव्या वर्षी याहून भयंकर काय असतं?

पुढे तिला हार्वी मिळाला, जादूही शाबूत राहिली. धाक गेला. त्या गोष्टी वाचताना गोड वाटतात, पण त्यातली एकही रात्री आठवत नाही. क्रिप्ट-कीपरच्या आठवतात.