पाव फुकट, अंडं विकत

नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, हल्ली तर भेळेच्या गाड्यांचीही होते. दरपत्रकाची समीक्षा मात्र कोणी करत नाही. वास्तविक कादंबरीपेक्षा दरपत्रक जास्त लोक वाचतात आणि कितीतरी जास्त मन लावून वाचतात. कादंबरीची चाळीस पानं एकदम उलटणारा वाचकसुद्धा दरपत्रकातली फुलीची तळटीप चष्मा पुसून वाचतो. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यामुळे या साहित्यप्रकारात माझं वाचन बऱ्यापैकी आहे. थोडंफार लेखनही मी आमच्या नोटीस बोर्डावर केलेलं आहे. तेव्हा आमच्या साडूंनी अमेरिकेहून आणलेलं एक कार्ड हाती पडलं, तेव्हा त्यावर चार शब्द लिहिणं मला कर्तव्यच वाटलं.

हे कार्ड बोटीवरचं आहे. बोट म्हणजे रेवसला जाते ती नव्हे. मायामीहून निघून सात दिवस कॅरिबियन बेटांभोवती फिरवून पुन्हा मायामीला आणून सोडणारी, पोहण्याचे तलाव, नाटकगृह आणि जुगाराचा अड्डा पोटात घेऊन तरंगणारी. साडू, मेव्हणी, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आमच्या सासूबाई अशी सात माणसं तीन खोल्यांत विभागून गेली होती. (सासूबाई म्हणजे साडूंचं आणि माझं जॉइंट अकाउंट. सध्या व्यवहार तेच बघतात.) कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण साडूंना पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे.

कार्ड रात्री झोपताना खुणा करून दाराबाहेर मुठीला अडकवायचं. सकाळी सांगितलेल्या वेळेला न्याहारी खोलीत हजर. वरच्या अर्ध्या भागात पाव, लोणी, जाम, फळं, दही, दुधात घालायचे पोहे, रस, चहा, कॉफी. हे सगळं फुकट. खालच्या अर्ध्या भागात ऑम्लेट आणि इतर गरम पदार्थ, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक फुली. फुलीचा अर्थ तळाशी, मुंगीच्या अक्षरात: यातलं काही मागवलंत तर पोचवण्याचा आकार पडेल, वर टिप निराळी. थोडक्यात, पाव सोवळ्यात आणि अंडं ओवळ्यात. दुपारचं आणि रात्रीचं जेवण खोलीत मागवलं तर ते आख्खंच ओवळं.

आता यात गैर काय, असं कोणी म्हणेल. हॉटेलात खोलीवर चहा मागवला तर पैसे पडतातच. पण बोटीची गोष्ट वेगळी होती. नॉर्वेजियनची मायामीहून सहली नेण्याची सुरुवात १९६६ ची, रॉयल कॅरिबियन कंपनी १९६८ ची, कार्निव्हल १९७२ ची. १९७७ ते १९८६ या काळात ‘द लव्ह बोट’ नावाची मालिका अमेरिकेच्या टीव्हीवर चालली आणि घरोघरच्या माणसांना बोटीवर जावंसं वाटू लागलं. या धंद्याचा मोठा मंत्र एकच होता: एकदा तिकीट काढा आणि पाकीट पेटीत टाका. दारू, जुगार आणि किनाऱ्यावरच्या सहली सोडल्या तर जेवणखाण तिकिटात. त्यातही रात्री दीड वाजता खोलीत फोन उचलून सँडविच मागवायचं आणि ते कोणी आणून द्यायचं, वर बिल नाही, हा त्या मंत्रातला ओंकार होता. मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात कधी नव्हे ते संस्थानिक झाल्यासारखं वाटायचं ते त्या सँडविचमुळे. पोट तर जेवणघरातच भरलेलं असायचं.

फी ही नेहमी रात्रीची येते. रॉयल कॅरिबियनने आधी फक्त मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत ३.९५ डॉलर लावले. तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. रात्री दोन वाजता पिझ्झा खाणाऱ्याची बाजू घ्यायला सभ्य माणूस कचरतो. मग २०१५ मध्ये नॉर्वेजियनने दिवसाढवळ्या ७.९५ डॉलर लावले, सकाळचा चहा-पाव तेवढा सोडून. मार्च २०१७ मध्ये रॉयल कॅरिबियनने तोच आकडा उचलला, त्यावर १८ टक्के टिप बसवली, आणि चहा-पाव त्यांनीही सोडला. कार्निव्हलने पुढे प्रत्येक पदार्थालाच भाव लावून टाकला. डिस्नेच्या बोटींवर मात्र खोलीत जेवण अजून फुकट येतं. मिकी माऊसला बी. कॉम.चे विषय नसावेत.

आता हिशेब बघा. ७.९५ वर १८ टक्के म्हणजे १.४३. एकूण ९.३८ डॉलर. (अठरा टक्के हा आकडा बँकेच्या माणसाला घरचाच, आमच्या चार्जेसवर जीएसटी तेवढाच.) पण ही टिप कशावर? सूप तर तिकिटातच आलेलं आहे. म्हणजे ही टिप सूप आणण्याच्या आकारावर. हमालीवर हमाली! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण ऐकून होतो. इथे कोंबडी फुकट आहे, मसाल्याचे पैसे आहेत आणि मसाला घातल्याबद्दल बक्षिसी आहे.

नॉर्वेजियनच्या लोकांनी या आकाराला ‘कन्व्हीनिअन्स चार्ज’ असं नाव दिलं. सोय-आकार. हा शब्द आपल्याला परका नाही. रेल्वेचं तिकीट घरबसल्या काढलं की आयआरसीटीसी कन्व्हीनिअन्स फी घेते. मधे नोटाबंदीनंतर २०१६ च्या नोव्हेंबरात ती बंद केली होती, सप्टेंबर २०१९ मध्ये परत आली. या बोटवाल्यांचा तर सोय या शब्दावर फारच जीव. कंपनीची कचेरी मायामीला, पण रॉयल कॅरिबियन कायद्याने लायबेरियाची, कार्निव्हल वर्षानुवर्षं पनामाची, आणि पुष्कळ बोटींवर झेंडा बहामाचा. या झेंड्यालाही इंग्रजीत सोयीचाच झेंडा म्हणतात. ती सोय कंपनीची असते, म्हणून तिचा आकार कंपनीला कोणी लावत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट वीस मजल्यांची आणि भरगच्च भरली तर ७,६०० प्रवाशांची. आमच्या तालुक्याच्या गावातले अर्धे लोक एका रात्री सँडविच मागवू लागले तर करणाऱ्याचे आणि वाहणाऱ्याचे काय हाल होतील? शिवाय फुकट आहे म्हणून पाच पदार्थ मागवायचे, दोन चाखायचे आणि उरलेले ताटासकट बोळात ठेवून द्यायचे, ही खोड तिथल्या लोकांना होतीच. वाळलेल्या नूडल्सच्या ताटांवरून उडी मारत खोलीकडे जाणं ही काही राजेशाही नव्हे. तेव्हा नासाडी थांबवायची होती असं म्हणाल तर मला पटतं.

पण मग आकार नगावर लावा की! नॉर्वेजियन आणि रॉयल कॅरिबियनने तो लावला खेपेवर. एक वाटी सूप मागवा, ७.९५. चौदा पदार्थ मागवा, ७.९५. नासाडी करणारा एका फोनमध्ये टेबल भरून मागवतो, त्याला आकार जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो ज्याला खरोखरच थोडंसं आणि खरोखरच खोलीतच हवं असतं त्याला. लेकराला नुकतंच झोपवलेली आई, गुडघे गेलेला म्हातारा, डोकं धरून पडलेलं माणूस. दरपत्रक लिहिणाऱ्याला ही माणसं दिसली नाहीत असं नाही. त्यांना दुसरा उपाय नाही हेही त्याला दिसलं असणार.

नॉर्वेजियनने तर २०१५ च्या एप्रिलात बुफेतलं ताट खोलीत न्यायलाच बंदी करून पाहिली. म्हणजे आम्ही आणून दिलं तर आठ डॉलर, आणि तुम्ही स्वतः नेलंत तर गुन्हा. प्रवासी इतके खवळले की चार दिवसांत ती बंदी गुंडाळावी लागली. या सगळ्या कहाणीतला माझ्या आवडीचा भाग हाच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याला हात लावाल तर खबरदार, असं कोणी म्हटलं तर आपण जेवढे खवळू तेवढेच तेही खवळले.

आणि महागड्या स्वीटमध्ये उतरलेल्यांना नॉर्वेजियनने हा सोय-आकार माफ केला होता. हे वाचून मला अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. ज्याच्या खात्यात लाख पडून आहेत त्याला चेकबुक फुकट, ड्राफ्ट फुकट, वर मॅनेजर उठून उभे. आणि ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला शिल्लक नसल्याचा दंड. जुन्या काळी बोटींवर पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असे, दारांना कुलपं असत. ते वर्ग आम्ही मोडले, असं या सहलीच्या बोटींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मोडलेले वर्ग ट्रेवर बसून परत आले.

बरं, एवढं करून मिळतं किती? २०१९ मध्ये रॉयल कॅरिबियनचं उत्पन्न तिकिटांचं सुमारे ७८६ कोटी डॉलर आणि बोटीवरच्या बाकीच्या खर्चाचं वगैरे सुमारे ३०९ कोटी. शंभरातले अठ्ठावीस डॉलर तिकिटाबाहेरचे. त्यात सुपाच्या खेपांचा वाटा समुद्रात खसखस. माझा अंदाज वेगळाच आहे. खोलीत दुकान नसतं, बार नसतो, जुगाराचं यंत्र नसतं. खोलीत आरामात सूप पीत बसलेला प्रवासी म्हणजे कंपनीच्या दृष्टीने बुडीत कर्ज. त्याला खोलीबाहेर काढायचं तर सूप वर ठेवायचं आणि खाली आणायला पैसे मागायचे.

तर सासूबाई. तिसऱ्या दिवशी त्यांना बोट लागली. तशी बोट त्यांना नवी नाही. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’च्या दिवसांत विजयदुर्गाहून मुंबईला डेकवर वळकटी पसरून त्या कितीदा आलेल्या आहेत. तेव्हा बोट लागली की शेजारच्या वळकटीवरून न मागता लिंबू यायचं, आवळासुपारी यायची. कोणाची कोण ती बाई, पण कपाळ दाबून द्यायची. इथे त्यांनी एवढंच म्हटलं, की काहीतरी पातळ मिळालं तर बरं वाटेल. नातू लगेच फोनकडे धावला. सासूबाईंनी विचारलं, “किती पडतील?” त्याने सांगितलं. त्यांनी रुपयांत गुणाकार केला. मॅट्रिकच्या आधीची शाळा ती, गुणाकार चुकत नाही. आठशेच्या आसपास आले. “आठशे? माझ्या लग्नात एवढ्यात पंगत उठली होती,” असं म्हणून त्या उठल्या आणि भिंत धरधरून लिफ्टकडे निघाल्या. बुफे बोटीच्या वरच्या मजल्यावर. बोट वर जास्त डुलते. अर्ध्या वाटेवरून मेव्हणीने त्यांना परत आणलं आणि स्वतः जाऊन वाटीभर सूप आणलं. त्यातलं खोलीपर्यंत पोचलं ते अर्धी वाटी. उरलेलं लिफ्टने प्यायलं.

साडू वीज मंडळातून हिशेब खात्यात निवृत्त झालेले. अपमान ते विसरत नाहीत आणि तळटीप तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तीनही खोल्यांतल्या माणसांना एका खोलीत गोळा केलं, कागद-पेन्सिल घेतली आणि सामुदायिक ऑर्डर तयार केली. सूप, सँडविचं, पिझ्झा, फ्राइज, केक, सगळे मिळून चौदा नग. खेप एक, आकार एक. दर नगी हमाली किती कमी पडली हे त्यांनी नातवंडांना कागदावर करून दाखवलं. तासाभराने मडगावचा एक तरुण मुलगा दोन्ही हातांवर ट्रे तोलत आला, ठेवून गेला, आणि उरलेलं आणायला पुन्हा आला. कंपनीच्या लेखी एक खेप, त्याच्या पायांच्या लेखी दोन. सासूबाईंना आजी म्हणाला, सुपाची वाटी त्यांच्या हातात नीट दिली. खाणं अर्ध्याहून अधिक उरलं आणि रात्री ते बोळात ठेवावं लागलं.

पूर्वी जेवण फुकट होतं तेव्हा लोक ट्रे आणणाऱ्याच्या हातावर डॉलर-दोन डॉलर ठेवायचे. फुकटाचा संकोच माणसाचा खिसा उघडतो. मुलाने बिल पुढे केलं. त्यात सोय-आकार, त्याखाली ठरलेली टिप, आणि त्याखाली आणखी काही द्यायचं असल्यास एक रिकामी ओळ. साडूंनी सगळे आकडे दोनदा तपासले, सही केली, आणि त्या रिकाम्या ओळीवर, चेकवर ‘ओन्ली’च्या पुढे मारतो तशी, कोणाला नंतर काही भरता येऊ नये म्हणून दुहेरी रेघ मारली.