निरपराध फंक्शनवर आळ
लिनक्स कर्नलबरोबर २००९ साली आलेल्या ‘पर्फ’ या मापनसाधनाचे मोल वादातीत आहे. तथापि त्याच्या एका मौनावर आक्षेप घेणे प्राप्त आहे. आभासी यंत्रात प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर उपलब्ध नसले, की ते ‘सायकल्स’ सोडून ‘सीपीयू-क्लॉक’चा आश्रय घेते. हे घड्याळ साध्या इंटरप्टवर चालते. त्यामुळे इंटरप्ट बंद असताना खर्ची पडलेला काळ, ते पुन्हा सुरू करणाऱ्या, लॉक सोडणाऱ्या फंक्शनच्या नावे जमा होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी! अहवालाच्या शिरोभागी बदललेले नाव असते, हे खरे. परंतु त्याच्या परिणामाचा इशारा नसतो. अभ्यासकाने टक्केवारीपूर्वी ते नाव वाचावे, हेच श्रेयस्कर.