चंद्रासाठी मोजलेला प्रकाश : ‘मूनराइज’ या छायाचित्राचा पुनर्विचार

सभोवती अंधार आणि मध्ये उजळ विषय असे दृश्य टिपताना प्रकाशमापकावर विसंबता येत नाही. मापक दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणतो. अंधाराचे क्षेत्र मोठे असल्यास एक्स्पोजर वाढते आणि उजळ विषय तपशील हरवून पांढराफटक पडतो. म्हणून एक्स्पोजर हेतुतः कमी करावे लागते. पाठ्यपुस्तके यास तांत्रिक दुरुस्ती मानतात. वस्तुतः दृश्यातील कोणत्या घटकाने तपशील गमवावा, याचा तो निवाडा असतो.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ (१९४१) या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. मावळतीचे ऊन दफनभूमीतील क्रूसांवरून सरत असताना अ‍ॅडम्स यांना मापक सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटास २५० कँडल असते हे स्मरून त्यांनी चंद्राला आपल्या ‘झोन सिस्टिम’च्या सातव्या श्रेणीत, म्हणजे मध्यम करड्याहून दोन स्टॉप वर, ठेवले. फिल्मचा वेग ६४, गडद पिवळा फिल्टर, एफ/३२, एक सेकंद. दुसऱ्या निगेटिव्हची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन निघून गेले होते.

या स्मरणशक्तीचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गणिताने संरक्षण दिले ते चंद्राला. गाव आणि दफनभूमी यांच्या वाट्याला निगेटिव्हवर इतकी पातळ प्रतिमा आली, की १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांना त्या भागाचे रासायनिक तीव्रीकरण करावे लागले. अचूक एक्स्पोजरचा आदर्श म्हणून या कृतीकडे बोट दाखवणारे समीक्षक ही बाब सहसा ओलांडून जातात.

आकाशाचे प्रकरण याहून गंभीर आहे. आरंभीच्या प्रतींत ते फिकट असून त्यात ढगांच्या रेषा दिसतात. पुढील दशकांतील प्रतींत ते जवळजवळ काळे झाले. डेनिस डी चिको यांनी १९९१ मध्ये चंद्राच्या स्थितीवरून केलेल्या गणनेनुसार हा क्षण १ नोव्हेंबर १९४१ रोजी दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांचा आहे. म्हणजे प्रेक्षक जी रात्र पाहतो, ती बव्हंशी फिल्टर आणि डार्करूम यांची निर्मिती होय. प्रस्तुत लेखकास आरंभीच्या प्रती अधिक प्रामाणिक वाटतात. त्यांत गाव चंद्राचे निव्वळ पादपीठ बनलेले नाही. वर्गात हे छायाचित्र दाखवताना निदान दोन काळांतील प्रती शेजारी ठेवाव्यात.