शाळेचे फाटक आणि मुलांचे वजन

मुलांच्या स्थूलतेवर उपाय म्हणून झालेले दोन निर्णय शिक्षकांना ठाऊक असतील. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेये असे पदार्थ विकण्यास मनाई केली. पुढे २०२० साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केले. मेद, साखर वा मीठ जास्त असलेले पदार्थ आता शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हेतू चांगलाच आहे. पण मूल लठ्ठ होते ते मुख्यतः शाळेच्या परिसरात, हे त्यामागचे गृहीत तपासायला हवे.

अमेरिकेतील फॉन हिप्पेल आणि वर्कमन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या सुमारे १८,००० मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. स्थूल मुलांचे प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेले होते. ही सारी वाढ मधल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत झालेली आढळली. शाळा चालू असताना ती झाली नाही. (अमेरिकन शाळांतले जेवण काही आदर्श म्हणून प्रसिद्ध नाही!) कारणे या अभ्यासाने थेट मोजली नाहीत. तरी शाळेमुळे उठण्याच्या, खाण्याच्या, झोपण्याच्या वेळा ठरतात आणि सुटीत त्या मोडतात, हे स्पष्टीकरण मला पटते.

तेथील मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी ४१ शाळांत तीन वर्षे ‘पाथवेज’ हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. शाळेच्या जेवणातील स्निग्धांश कमी झाला, पण मुलांच्या शरीरातील मेदाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणून आपले नियम निरुपयोगी ठरत नाहीत; शाळेत अशा पदार्थांच्या जाहिरातींना बंदी, हे कलम तर मोलाचे आहे. पण विक्री थांबवली की काम झाले, असे मानणे चूक आहे. गणितासाठी खेळाचा तास घेणारी शाळा याच नियमांचे काटेकोर पालन करते, आणि संध्याकाळी घरी दूरदर्शनसमोर फरसाणाची बशी असतेच.

आपल्याकडे सुटीत काय घडते, हे शिक्षकांना स्वतः पाहता येईल. वार्षिक परीक्षेनंतर आणि जूनमध्ये शाळा उघडताच त्याच मुलांची उंची व वजन मोजावे. प्रौढांचे निकष मुलांना लावू नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वयानुसार तक्ते वापरावेत. आणि कोणाचेही वजन वर्गात मोठ्याने वाचू नये.